रेंज

दिवाळीनंतर आमच्या लॅपटॉपला वायफायची रेंज मिळेनाशी झाली, तेव्हा माझा पहिला संशय गेला तो कंपनीवर. आपला मुलगा नापास झाला की पेपरच अवघड होता असं म्हणायची आमच्या घराण्याची रीत आहे. लॅपटॉप बारा वर्षांचा, खोकणारा, पण आपला. राउटर परका. मी तक्रार नोंदवून मोकळा झालो.

एक मुलगा आला. त्याने स्वतःचा मोबाइल माझ्या टेबलाशी धरला. सगळ्या दांड्या उभ्या!

"काका, देणारा देतोय. घेणाऱ्यात काहीतरी आहे."

मला हा उद्धटपणा वाटला. वाटला म्हणजे काय, तसं मी त्याच्या साहेबांना फोनवर ऐकवलंसुद्धा.

मग सुरू झालं स्वतःचं संशोधन. राउटर लोखंडी कपाटामागून काढून उंचावर ठेवला. लॅपटॉप जुना, त्याला फक्त २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कळतो, आणि मायक्रोवेव्हही नेमका त्याच पट्ट्यात गुरगुरतो. म्हणून सौ.ला दूध गॅसवर तापवायला लावलं. चॅनल १, ६, ११ असे फिरवले. दांडी एकच.

शेवटी पालथा घालून स्क्रू काढले. लहानपणी आमच्या रेडिओची जाळीदार एरियल या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली असे. लॅपटॉपची पडद्याच्या कडेत दडलेली असते, आणि तिथून काळी-पांढरी अशा दोन बारीक वायरी खाली कार्डाला येऊन मिळतात. काळीचं बटण सुटलेलं होतं. दिवाळीच्या साफसफाईत पंख्यातली धूळ काढायला लॅपटॉप उघडणारा वीर मीच. अंगठ्याने दाबलं, टच्‌ झालं, दांड्या उभ्या!

कानात मळ साचला की माणसाला वाटतं, हल्ली जगच कुजबुजायला लागलंय. ते ठीक आहे, जगाच्या पगारातून काही कापत नाहीत. पण त्या पोराच्या नावापुढे माझा शेरा लागलाय, त्याचं काय? आता सगळं सुरळीत चाललंय, मला विचारायला कोणी येणार नाही. नीतीचा प्रश्न बहुधा असाच येतो, कोणी विचारायला येणार नसतं तेव्हा.

"अहो, फोन करा ना," सौ. म्हणाली. मी म्हटलं, दूध तापव, मायक्रोवेव्हमध्ये.

केला फोन. नव्या जोडणीसाठी एक दाबा, तक्रारीसाठी दोन दाबा. तक्रार मागे घ्यायला आकडाच नाही. नऊ दाबून माणसाची वाट बघत बसलोय. चाळीस मिनिटं झाली, सनई वाजतेय. रेंज अगदी उत्तम आहे.