दोन रकाने

एका कागदावर दोन भाषा शेजारीशेजारी छापल्या की लोक म्हणतात, समता आली. पण पंगतीत शेजारी बसवलं म्हणून वाढणाऱ्याचा हात दोघांच्या ताटात सारखाच रिकामा होतो काय?

न्यूझीलंडचं बघा. ६ फेब्रुवारी १८४० ला वैतांगी इथं इंग्रजांनी माओरी सरदारांशी करार केला. त्याचं माओरी भाषांतर हेन्री विल्यम्स नावाच्या मिशनऱ्यानं आणि त्याच्या पोरानं एका रात्रीत उरकलं. इंग्रजीत होतं, सरदार आपलं सार्वभौमत्व राणीला देतात. माओरीत शब्द घातला ‘कावानातंगा’, म्हणजे गव्हर्नरचा कारभार. वर जमीन, गावं, ठेवा यांवरचं धनीपण सरदारांचंच राहील, असंही माओरीत कबूल केलं. पाचशेच्या वर सरदारांनी सह्या-निशाण्या केल्या. त्यातल्या इंग्रजी प्रतीवर फक्त ३९. राज्य मात्र चाललं इंग्रजी अर्थानं! १९७५ साली माओरींच्या तक्रारींसाठी न्यायाधिकरण नेमलं गेलं. २०१४ साली त्यानं सांगितलं, फेब्रुवारी १८४० मध्ये सह्या करणाऱ्या सरदारांनी सार्वभौमत्व सोडलंच नव्हतं.

मग दोन रकाने भांडले तर खरा कुठला? मी म्हणतो, ज्यावर विसंबून माणसानं हात पुढं केला तो. ज्याला दोन्ही भाषा येत होत्या त्याला सरळ सांगता आलं असतं. जबाबदारी त्याची. ऐकणाऱ्याच्या समजुतीला फसवून घेतलेली सही म्हणजे चोरीच.

हे लांबचं वाटत असेल तर कारखान्याच्या फाटकाशी या. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्यानं नियम इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत लावायला सांगितले. बरं केलं. पण साचाखात्यात राबणारा मी, मराठी फलकावर ‘उपरोक्त’, ‘अधीन राहून’ वाचतो तेव्हा कळतं, हा रकानाबी माझ्या आईच्या बोलीतला न्हाई. तिचा तिसरा रकाना कुणी छापलाच नाही.

आणि आता आपली पोरं शिकली. वस्तीत अर्ज आपण लिहितो, अंगठे आपण घेतो. त्या घडीला विल्यम्सच्या जागी आपणच बसलेलो असतो. उरकायची घाई आपल्यालाही असते.

म्हणून शाई पुढं करण्याआधी म्हातारीला विचारा, “आजे, यात काय लिव्हलंय, तूच सांग.” ती सांगेल ते कागदावर नसेल, तर कागद फाडा. पुन्हा लिहा.