झाडाची वर्षं

सातपुड्यातल्या काठी गावात एका घराच्या पडवीला सागाचा जुना खांब होता. त्यावर घोडेस्वार कोरलेला होता. काठीची राजवाडी होळी १२४६ सालापासूनची, असं सांगतात. घरधनी म्हणायचा, "आमचा खांबही होळीएवढाच जुना."

एकदा एक अभ्यासक मुलगी गावात आली. खांबाला खोल भेग पडली होती. घरधन्याला विचारून तिने भेगेतून गाभ्याची छोटी ढलपी काढली आणि प्रयोगशाळेत पाठवली. लाकडातला कार्बन-१४ सुमारे ५,७३० वर्षांत निम्मा होतो. उरलेला मोजला की वय काढता येतं. उत्तर आलं, सुमारे सहाशे वर्षं. होळीएवढा जुना नाही, तरी घरधनी खूश झाला.

शेजारचा म्हातारा सुतार खांबावरून हात फिरवत म्हणाला, "पोरी, ढलपी कुठून काढलीस?"

"गाभ्यातून, बाबा."

"गाभा म्हणजे झाडाचं लहानपण. पुढे ते वाढलं, मग तोडलं, मग कुणीतरी कोरलं."

मुलगी थबकली. साग दरवर्षी सालीखाली नवं वलय धरतो आणि जुन्या वलयात नवा कार्बन जात नाही. तोडणीचं साल सांगणार ते शेवटचं वलय.

"पण सालीकडचं लाकूड तर तासून टाकलंय," ती म्हणाली.

"पांढऱ्या लाकडाला वाळवी आधी लागते, म्हणून आम्ही ते वाकसाने काढतोच. तुळईखाली बघ. तिथे कुणाची नजर जात नाही, तिथलं राहून जातं."

शिडी लावली. तुळईखाली बोटभर रुंदीची फिकट पट्टी होती, तिला साल चिकटलेली होती. तिथली नखाएवढी ढलपी पुरली. या वेळी उत्तर आलं, सुमारे चारशे वर्षं.

घरधनी हिरमुसला. "दोनशे वर्षं गेली की आमची!"

"ती आपली नव्हतीच," सुतार म्हणाला. "ती झाडाची. माणसाच्या हाताची ही चारशे."

त्यानंतर कुणी पाहुणा आला की घरधनी सांगू लागला, "झाड सहाशे वर्षांपूर्वीचं, तोडलं चारशे वर्षांपूर्वी, कोरलं त्यानंतर."

घराण्याचा, गावाचा मोठेपणा सांगताना आपणही दुसऱ्याची वर्षं आपल्या खात्यावर मांडतो. ज्याची त्याला देऊन टाकावीत. मग जे उरतं, ते थोडं असलं तरी कुठल्याही कसोटीला उतरतं.