दोघांची तटस्थता, तिसऱ्याचा मुलूख

पिशोर गावाच्या उत्तरेला अजिंठ्याची डोंगररांग आहे. ती उतरली की खानदेश. अठराव्या शतकात या रांगेच्या दक्षिणेला औरंगाबादेत निजामाची राजधानी होती आणि उत्तरेला, तापीपलीकडे, माळव्याची वाट. पेशवे आणि निजाम यांचे वैर याच टापूत धुमसत होते. म्हणून १७३२ च्या अखेरीस थोरल्या बाजीरावाने आणि निजामुल्मुल्काने रोहे-रामेश्वरला भेटून जो गुप्त समझोता केला, तो पुण्याच्या किंवा दिल्लीच्या नव्हे, या डोंगराखालच्या गावांच्या बाजूने वाचून पाहावा असे मला वाटते.

या दोघांत मैत्री नव्हती. १७२८ मध्ये वैजापूरजवळ पालखेडला बाजीरावाने निजामाची रसद तोडून त्याला मुंगी-शेवगावचा तह करायला लावला होता. पुढे निजामाने सेनापती त्र्यंबकराव दाभाड्यांशी संधान बांधले, आणि १७३१ च्या एप्रिलमध्ये डभईच्या रणात बाजीरावाशी लढताना दाभाडे पडले. त्यानंतर पावणेदोन वर्षांत बाजीराव आणि निजाम समोरासमोर बसले. ठरले ते असे : दक्षिणेच्या सुभ्यांतून मराठ्यांनी चौथ-सरदेशमुखी घ्यावी, त्यापलीकडे उपद्रव देऊ नये, बदल्यात मराठे उत्तरेत उतरतील तेव्हा निजामाने स्वस्थ बसावे. निजाम नावाने बादशहाचाच सुभेदार होता. आपला सुभा वाचवण्यासाठी त्याने धन्याच्या माळव्याकडे पाठ फिरवली. माळव्याच्या रयतेला कोणी विचारले नाही.

प्रतिस्पर्ध्यांमधल्या तटस्थतेच्या कराराचे हेच खरे रूप आहे. त्याने युद्ध थांबत नाही, फक्त दुसरीकडे जाते. त्यामुळे असा करार जोखताना तो किती दिवस पाळला गेला हे विचारण्याआधी तिसऱ्याचे काय झाले, हे विचारले पाहिजे.

रोहे-रामेश्वरच्या समझोत्यात मात्र एक कलम असे होते, जे मला मोलाचे वाटते. उत्तरेकडे जाता-येता मराठी फौजेने खानदेशात नेहमीच्या हक्कांखेरीज काही उकळायचे नाही. वाटेवरच्या गावाला याचा अर्थ चांगला कळत असणार. फौजा निघायच्या दसऱ्यानंतर, म्हणजे खरीप खळ्यावर यायच्या आणि रब्बी पेरायच्या दिवसांत. हजारो घोड्यांना रोज वैरण लागते. ती मागून मिळाली नाही तर उभ्या पिकात घोडी सुटतात; पेवातली ज्वारी हुडकून काढली जाते; पाटील-कुळकर्ण्यांना धरून नेऊन खंडणीची बोली होते. हे टळणे ही लहान गोष्ट नव्हती. अर्थात ‘नेहमीचे हक्क’ म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा आणि वर दहावा, हेही विसरता येत नाही. लुटीपासूनच्या सुटकेची किंमत रयतेने आधीच भरलेली होती.

समझोता पाच वर्षेही टिकला नाही. १७३७ च्या वसंतात बाजीराव थेट दिल्लीच्या वेशीवर पोचला, तेव्हा बादशहाच्या बोलावण्यावरून निजाम उत्तरेत गेला. त्याच्या मुलाने, नासिरजंगाने, औरंगाबादेहून कुमक पाठवू नये म्हणून बाजीरावाचे भाऊ चिमाजी आप्पा तापीकाठी फौज घेऊन बसले. कागदावरच्या तटस्थतेने जे राखायचे होते, ते आता पहाऱ्याने राखावे लागले. भोपाळात निजाम कोंडला गेला आणि जानेवारी १७३८ मध्ये दोराहासराईला त्याने माळवा, नर्मदा-चंबळेमधला मुलूख आणि पन्नास लाखांची कबुली दिली.

दोनशे वर्षांनी, १३ एप्रिल १९४१ रोजी, मॉस्कोत सोव्हिएत रशिया आणि जपान यांनी पाच वर्षांच्या तटस्थतेचा असाच करार केला. सोबतच्या जाहीरनाम्यात एकाने मांचुरियातल्या मांचुकुओची आणि दुसऱ्याने मंगोलियाची सीमा मान्य केली. मांचुरिया चीनचा होता आणि चीन त्या खोलीत नव्हता. जपानला दक्षिणेकडे वळायला मोकळीक मिळाली, रशियाला पूर्वेची काळजी कमी झाली. ऑगस्ट १९४५ मध्ये, मुदत संपायच्या आत, रशियाच मांचुरियात घुसला.

न लिहिलेली तटस्थता तर आणखी महागात पडते. १८०३ मध्ये शिंदे आणि नागपूरकर भोसले अजिंठ्याचा घाट चढून निजामाच्या मुलखात आले आणि २३ सप्टेंबरला असईला इंग्रजांच्या आर्थर वेलस्लीकडून हरले. असई पिशोरच्या पूर्वेला, भोकरदन-जाफराबादच्या अंगाला आहे. यशवंतराव होळकर त्या युद्धात उतरले नाहीत. शिंद्यांशी जुने हाडवैर होते, आणि इंग्रजही त्यांना दूर ठेवण्यासाठी गोड बोलत होते. यशवंतरावांच्या रागाचे कारण मी समजू शकतो. पण पदरात काय पडले? डिसेंबरात देवगावला भोसल्यांचा आणि सुर्जी-अंजनगावला शिंद्यांचा तह उरकला, इंग्रजांचे हात मोकळे झाले, आणि १८०४ च्या एप्रिलमध्ये त्यांनी होळकरांवर युद्ध पुकारले. तोवर मदतीला हाक मारावी असे दोन्ही शेजारी तहाने बांधले गेले होते.