सरळ मार्ग आणि आडवाटा

वेबवरील एखाद्या सेवेचा उपयोग करणारा मनुष्य कोणत्या पायरीवरून कोणत्या पायरीवर जाईल, याचे वर्णन सेवा रचण्यापूर्वीच लिहून ठेवावे, हे तत्त्व आज सर्वमान्य झाले असले, तरी ते कोणत्या रूपात लिहावे याविषयी मतैक्य नाही. आणि हा मतभेद निव्वळ लेखनपद्धतीचा नसून, मनुष्याच्या वर्तनाविषयी आपण काय गृहीत धरतो याचा आहे, असे मला वाटते.

सर्वांत रूढ पद्धत चौकटींची व बाणांची. २००० साली जेसी जेम्स गॅरेट यांनी अशा आकृत्यांसाठी सुटसुटीत चिन्हावली प्रसिद्ध केली, आणि विचारविनिमयाला ती फार सोयीची आहे. परंतु बाणाची प्रकृतीच अशी की, पुढे जाणाऱ्याचीच नोंद तो ठेवतो. तिकीट काढणारा प्रवासी, खात्यातून पैसे वजा झाल्यावर परंतु तिकीट हाती पडण्यापूर्वी, जोडणी तुटल्यामुळे मागच्या पानावर परततो, तेव्हा त्याच्या त्या अधांतरी अवस्थेला आकृतीत बहुधा जागाच नसते. आणि एचटीटीपी हा वेबचा मूळ संकेत मागील मागणीचे स्मरण ठेवीत नसल्यामुळे, ती अवस्था ध्यानात ठेवण्याची जबाबदारी सर्वस्वी रचनाकारावर येऊन पडते.

इव्हार याकोबसन यांनी रूढ केलेल्या 'यूज केस'ला आणि अ‍ॅलिस्टर कोबर्न यांनी तिला लावलेल्या शिस्तीला मी म्हणूनच अधिक मान देतो. तेथे इष्ट मार्ग क्रमांकित वाक्यांत लिहून झाला की, कोणत्या पायरीवर काय बिघडू शकते आणि बिघडल्यास काय करावे, याची पुरवणी जोडावी लागते.

मात्र गद्य विखुरते. १९८० च्या दशकाच्या आरंभी 'लावी' या इस्रायली लढाऊ विमानाच्या अभियंत्यांना सल्ला देण्यास गेलेले डेव्हिड हॅरेल यांना हेच आढळले, की प्रचंड दस्तऐवज सिद्ध असूनही, अमुक परिस्थितीत अमुक कळ दाबल्यास काय होईल, या साध्या प्रश्नाचे निश्चित उत्तर त्यांतून मिळत नव्हते. त्या अनुभवातून निष्पन्न झालेल्या आणि १९८७ च्या निबंधात त्यांनी मांडलेल्या 'स्टेटचार्ट'मध्ये अवस्थेच्या पोटी उप-अवस्था राहू शकतात, आणि प्रत्येक अवस्थेसमोर प्रत्येक घटना ठेवून पुढे काय, असे विचारता येते. ही आकृती सामान्य ग्राहकाला दुर्बोध वाटते, हे खरे. त्याच्यासमोर गद्यच ठेवावे. परंतु मसुद्याचे काम ज्यांच्याकडे आहे त्यांना माझी आग्रहाची विनंती आहे, की सरळ मार्गाचे एक वाक्यही लिहिण्यापूर्वी त्यांनी अर्धवट सोडलेल्या, दोनदा पाठविलेल्या आणि मुदत टळून गेलेल्या मागण्यांची यादी करावी आणि प्रत्येकीपुढे तिची तजवीज लिहावी.