हलणारी साखळी, वाहणारी वीज

प्लास्टिक विजेला अडवते, या समजुतीवर आपली घरे उभी आहेत. तारेवरचे वेष्टण, स्विचचे बटण, टेस्टरची मूठ, सगळीकडे त्याचे काम तेवढेच. ही समजूत 1977 मध्ये हादरली: हिदेकी शिराकावा, अ‍ॅलन मॅकडायर्मिड आणि अ‍ॅलन हीगर यांनी पॉलिअ‍ॅसिटिलीन या प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्याला आयोडीनची वाफ दिली आणि त्याची विद्युतवाहकता लाखो पटींनी वाढली. 2000 साली तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

मात्र पॉलिअ‍ॅसिटिलीन हवेत टिकत नाही. व्यवहारात पुढे गेली ती विषमचक्रीय बहुवारिके (पॉलिमर). त्यांच्या साखळीत पाच अणूंची वलये असतात: चार कार्बन आणि पाचवा पाहुणा. तो नायट्रोजन असेल तर पॉलिपायरोल, गंधक असेल तर पॉलिथायोफीन. पॉलिपायरोल वीज वाहून नेते हे ऑस्ट्रेलियातील बोल्टो, मॅकनील आणि वाइस यांनी 1963 मध्येच प्रसिद्ध केले होते, पण त्याकडे फारसे कोणी वळले नाही. 1979 मध्ये कॅलिफोर्नियातील आयबीएमच्या प्रयोगशाळेत विद्युत-रासायनिक पद्धतीने त्याचा लवचीक, हवेत टिकणारा पापुद्रा तयार झाला, तेव्हा जगाचे लक्ष गेले.

या साखळीत वीज वाहते कशी?

साखळीतले कार्बनबंध आळीपाळीने आखूड आणि लांब असतात. या विषमतेमुळे इलेक्ट्रॉनांच्या भरलेल्या आणि रिकाम्या पातळ्यांमध्ये दरी पडते. पॉलिथायोफीनमध्ये ती सुमारे 2 इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते, पॉलिपायरोलमध्ये सुमारे 3.2. साखळीतून एक इलेक्ट्रॉन काढून घेतला की आसपासच्या काही वलयांतले बंध जागा बदलतात: लांब होते ते आखडतात, आखूड होते ते लांबतात. दोरावरून चालणाऱ्या डोंबाऱ्याच्या पावलाखाली दोर वाकतो आणि तो बाक त्याच्यासोबत पुढे सरकतो, तसा विद्युतभार आपली विकृती बरोबर घेऊनच साखळीवरून सरकतो. या जोडगोळीला पोलॅरॉन म्हणतात. दोन भार एकाच विकृतीत एकत्र आले की बायपोलॅरॉन होतो आणि त्याचे चुंबकीय फिरकपण (स्पिन) नाहीसे होते.

म्हणूनच या पदार्थांत इलेक्ट्रॉनांचा अभ्यास कंपनांपासून तोडता येत नाही. साखळीतले सगळे कार्बनबंध एका तालात ताणले-आखडले जातात, ते कंपन रामन वर्णपटात, म्हणजे पदार्थाने विखुरलेल्या प्रकाशाच्या वर्णपटात, ठळक उमटते. साखळी उदासीन असताना अवरक्त वर्णपटात त्याचा मागमूसही लागत नाही. भार येताच साखळीची सममिती मोडते, कंपनाबरोबर भारही मागेपुढे हेलकावतो आणि अवरक्त वर्णपटात जोरदार पट्टे उगवतात. मिलानमध्ये ज्युसेप्पे झेर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे गणित मांडले. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. पॉलिअ‍ॅसिटिलीनच्या कुळात साखळी लांबत गेली की रामन पट्टा स्पष्टपणे खाली सरकतो. विषमचक्रीय बहुवारिकांत तो जवळपास जागचा हलत नाही. वलयांची अ‍ॅरोमॅटिक स्थिरता इलेक्ट्रॉनांना घरातच धरून ठेवते, हे त्याचे कारण.

ही धरून ठेवण्याची ताकद रसायनतज्ज्ञाला कमी करता येते. थायोफीनच्या वलयाला बेंझीनचे वलय जोडले की पॉलिआयसोथायानॅफ्थीन मिळते. 1984 मध्ये समोर आलेल्या या बहुवारिकात दरी सुमारे 1 इलेक्ट्रॉन-व्होल्टवर उतरते. भार दिल्यावर त्याचा पातळ पापुद्रा जवळजवळ पारदर्शक होतो. थायोफीन कुळातल्याच पेडॉट या बहुवारिकाचा लेप छायाचित्रणाच्या फिल्मवर स्थिर वीज साचू नये म्हणून दिला गेला, आणि आज तो सेंद्रिय सौरघटांतही वापरला जातो.

रसायनशास्त्राच्या वर्गात बंध शिकवले जातात, भौतिकशास्त्राच्या वर्गात ऊर्जेचे पट्टे, आणि वर्णपटशास्त्र तिसऱ्याच तासाला. या बहुवारिकांपुढे ही वाटणी टिकत नाही, कारण इथे बंधाची लांबी बदलली की पट्टा बदलतो आणि भार सरकला की कंपन बदलते. आपल्या विद्यापीठांनी पदव्युत्तर वर्गात हे तिन्ही विषय एकाच पॉलिथायोफीनच्या पापुद्र्यावर एकत्र शिकवावेत. असा पापुद्रा महाविद्यालयीन प्रयोगशाळेत तयार करता येतो.