लेबलं परत लावताना

गेल्या महिन्यात माझ्या लॅपटॉपची डिस्क गेली. मेलची प्रत दुसरीकडे होती, त्यामुळे मेल शाबूत राहिले. गेली ती त्यांच्यावरची लेबलं.

मी नॉटमच वापरतो. 2009 साली कार्ल वर्थ यांनी सुरू केलेला हा प्रोग्राम मेल आणत नाही की पाठवत नाही. साठलेल्या मेलची सूची करतो आणि आपण लावू ती लेबलं सांभाळतो, तेही काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून. त्यात मेल आणि लेबल वेगवेगळ्या जागी राहतात. प्रत्येक मेल ही एक फाइल. तो वाचला की फाइलच्या नावाच्या शेवटी 'एस' हे अक्षर लागतं, उत्तर दिलं की 'आर'. माझी लेबलं मात्र डेटाबेसमध्ये, आणि तो आकाराने मोठा म्हणून बॅकअपमधून मीच वगळला होता. म्हणजे घडलं ते टिकलं. मला काय वाटलं तेवढं पुसलं गेलं.

नव्याने सूची केल्यावर सगळे मेल एकाच पंगतीत येऊन बसले. एक जुनी पावती शोधताना मामेभावाचे मेल समोर आले. तीन वर्षांतले अकरा. त्याच्या पत्त्यावर मी कधीकाळी 'कटकट' हे लेबल आपोआप लागेल अशी सोय केली होती. ते लागलं की मेल इनबॉक्समधून बाहेर. सुरुवातीच्या दोन मेलमध्ये त्याने पैसे मागितले होते, एवढंच निमित्त. उरलेले नऊ मी उघडलेच नव्हते. एकात विहिरीला पाणी लागल्याचं होतं. एकात माझ्या आईचा परकर-पोलक्यातला फोटो, खाली 'आत्या ओळखू येते का?' शेवटचा मुलीच्या साखरपुड्याचा. तारीख उलटून गेलेली. अकरांपैकी एकाही फाइलच्या नावात 'आर' नव्हता.

दोन दिवसांनी पेन ड्राइव्हवर 'नॉटमच डम्प'ने काढलेली जुनी फाइल सापडली. साधा मजकूर, एका मेलला एक ओळ: आधी लेबलं, मग त्या मेलचा आयडी. 'नॉटमच रिस्टोअर' म्हटलं की फाइलीतल्या प्रत्येक मेलवरची आजची लेबलं जाऊन तेव्हाची बसतात. 'अ‍ॅक्युम्युलेट' हा पर्याय जोडला तर आजची राहतात आणि जुन्यांची त्यांत भर पडते. दोन्हींत 'कटकट' परत येणार होती.

ती येऊ द्यावी का? मी त्याला कधी वावगं बोललो नाही. ते लेबल त्याने पाहिलं नाही, पाहणारही नव्हता. मनातल्या मनात एखाद्याविषयी मत करून घेतलं तर त्याच्यावर अन्याय होतो का, असं कुणी विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो. मनाला कुठे कोर्टकचेरी असते? पण हे मत मनात राहिलं नव्हतं. ते दाराशी बसून माणूस परत पाठवत होतं, आणि मला त्याचा पत्ताही लागत नव्हता. एखाद्याविषयी वाईट मत असणं मी समजू शकतो. ते तपासायची वेळच येऊ नये अशी व्यवस्था करणं, हा मला अन्याय वाटतो, समोरच्याला कळो न कळो.

मग त्या ओळी गाळून बाकीच्या परत घ्यायच्या. 'ग्रेप'चं एका ओळीचं काम. पण तिथेही हात अडला. पुसलं की मी कधी तसं वागलोच नाही, असं माझंच दप्तर सांगणार. (वहीतलं पान फाडताना निदान कडेला कपटे राहतात.) शेवटी 'कटकट'च्या ओळी वेगळ्या फाइलीत काढल्या आणि उरलेली फाइल रिस्टोअर केली. ती वेगळी फाइल ठेवली आहे.

अकराव्या मेलला उत्तर लिहायला घेतलंय. मुलीचं अभिनंदन लिहून झालं. उशीर का झाला, तिथे थांबलोय. 'मेल नजरेतून सुटला' असं दोनदा लिहिलं आणि दोन्ही वेळा खोडलं.