चालू करण्याचा हक्क कोणाचा?

सिमकार्डवर चालणारा मोबाइल स्टार्टर आता गोंदिया जिल्ह्यातल्या धानाच्या बांध्यांवर कोणाला नवा राहिलेला नाही. थ्री फेज लाइन रात्री-बेरात्री येते. शेतकरी अंथरुणातूनच फोन लावतो आणि शेतावरची मोटर सुरू होते. अंधारात साप-विंचवातून चालत जाणं वाचतं. या सोयीला नावं ठेवायची माझी अजिबात इच्छा नाही. पण त्याच क्षणी त्याचा भाऊ मोटरीपाशी वायर उघडून बसला असेल तर? फोन लावणाऱ्याला तो भाऊ दिसत नाही.

दुरून यंत्र चालवायचा हक्क कोणाला असावा? प्रश्न तंत्राचा वाटतो, पण तंत्राच्या बाजूने तो केव्हाच सुटलाय. उरलाय तो नीतीचा भाग.

याच प्रश्नाच्या मोठ्या रूपाशी माझा रोजचा संबंध येतो. कारखान्यांमध्ये ऑपरेटरसाठी मी स्टेशनं लावून देतो. एक लांब टेबल, त्यावर चार किंवा सहा स्क्रीन. एकावर टाक्या, पंप, व्हॉल्व्ह यांचं चित्र, दुसऱ्यावर दाब-तापमानाचे आलेख, तिसऱ्यावर अलार्मची यादी. हेच सगळं व्हीपीएनवरून शहरातल्या ऑफिसात किंवा मॅनेजरच्या घरच्या लॅपटॉपवरही नेता येतं. त्यासाठी युजरची नोंद करताना दोन चौकोन समोर येतात: 'फक्त बघणे' आणि 'चालवणे'. मागणी बहुतेक वेळा एकच असते. दोन्हींवर टिक करा, कधी गरज पडली तर असू दे.

दूर बसणं हाच दोष आहे, असं मात्र मला म्हणायचं नाही. आपल्याच जिल्ह्यातला तिरोड्याचा औष्णिक वीज प्रकल्प घ्या. ६६० मेगावॅटचे पाच संच, एकूण ३३०० मेगावॅट. इतक्या मोठ्या बॉयलरच्या शेजारी उभं राहून, डोळ्यांनी बघून तो कोणी चालवू शकणार नाही. कंट्रोल रूम ही मुळातच यंत्रापासून दूर नेलेली जागा आहे, आणि त्यामुळे माणूस उष्णतेपासून, कोळशाच्या धुळीपासून वाचतो. राज्यात कोणत्या केंद्राने किती वीज बनवायची, याच्या सूचना तर राज्याच्या दुसऱ्या टोकाहून, ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रातून येतात. कोणीतरी दूर बसून सगळं एकत्र बघतं, म्हणून तुमचा फोन चार्ज होतो.

मग अडचण कुठे आहे? पहिलं उत्तर सुचतं ते असं: दुरून नीट दिसत नाही, तर आणखी सेन्सर लावा, कॅमेरे लावा, स्क्रीन वाढवा. पण २८ मार्च १९७९ला अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात काय झालं, ते बघा. दाब सोडणारा एक व्हॉल्व्ह उघडा अडकला होता. पॅनलवरचा त्याचा दिवा मात्र विझलेला होता, म्हणून ऑपरेटरांनी व्हॉल्व्ह बंद आहे असं धरलं. दिवा विझण्याचा खरा अर्थ इतकाच होता की बंद होण्याचा विद्युत संदेश गेला आहे. व्हॉल्व्हने तो ऐकला की नाही, हे दिवा सांगतच नव्हता. दोन तासांहून जास्त वेळ पाणी निसटत राहिलं.

दुसरं उदाहरण टेक्सास सिटीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातलं. २३ मार्च २००५ला दुरुस्तीनंतर तिथला एक भाग पुन्हा सुरू केला जात होता. टॉवरमध्ये किती द्रव येतोय आणि किती बाहेर जातोय, हे दोन आकडे दोन वेगवेगळ्या स्क्रीनवर होते. टॉवर भरत गेला, उतू गेला, स्फोट झाला. १५ माणसं मेली. ती सगळी कंत्राटी कामगार होती, जवळच्या ट्रेलरमधल्या तात्पुरत्या ऑफिसांत आणि त्यांच्या आसपास असलेली. शेजारचं यंत्र आज सुरू होतंय, हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

या दुसऱ्या घटनेत स्क्रीनच्या मांडणीची चूक आहेच. पण समजा मांडणी उत्तम असती, तरी एक गोष्ट तशीच राहिली असती. ठरवणारे एकीकडे आणि धोका अंगावर घेणारे दुसरीकडे. चांगला स्क्रीन दृष्टी वाढवतो. धोक्याची वाटणी तो बदलत नाही.

गंमत म्हणजे, कारखान्यातल्या जुन्या, साध्या वस्तूंना हे माहीत आहे. मोटरजवळच्या पेटीवर एक छोटा स्विच असतो: लोकल आणि रिमोट. तो लोकलवर असेल, तोवर कंट्रोल रूममधून कितीही क्लिक करा, मोटर सुरू होत नाही. दुरुस्तीला गेलेला फिटर ब्रेकर बंद करून त्याला स्वतःचं कुलूप लावतो आणि किल्ली खिशात ठेवतो. कोळसा वाहणाऱ्या कन्व्हेयरच्या कडेने दोरी ताणलेली असते. येणारा-जाणारा कोणीही, अगदी झाडू मारणारा कामगारसुद्धा, ती ओढून पट्टा थांबवू शकतो. पण पट्टा पुन्हा सुरू करायचा तर कोणीतरी त्या जागी चालत जाऊन, काय झालंय ते बघून, स्विच हाताने पूर्ववत करावा लागतो.

म्हणजे थांबवण्याचा हक्क सगळ्यांना, आणि सुरू करण्याचा हक्क तिथे उभ्या असलेल्याच्या संमतीने. मला हे नीतीचं साधं आणि पुरेसं सूत्र वाटतं. चुकून थांबवलं तर नुकसान बहुतेक वेळा पैशांचं होतं. चुकून सुरू केलं तर ते कोणाच्या तरी बोटांचं, हातांचं, जिवाचं असू शकतं. (उलटंही होतं. थंड ठेवणारा पंप थांबवणं घातक ठरू शकतं. अशी यंत्रं आधीच ओळखून वेगळी ठेवावी लागतात.)

यावर कोणी म्हणेल, आता कितीतरी ठिकाणी माणूसच नसतो, मग संमती घ्यायची कोणाची? तिथेही जुनी रीत आहेच. कन्व्हेयर सुरू होण्याआधी हूटर वाजतो, काही सेकंद जातात, मग पट्टा हलतो. जो दिसत नाही, पण असू शकतो, त्याला विचारण्याची ती पद्धत आहे.

मला जास्त अवघड वाटते ती वेगळीच गोष्ट. स्विच हातात आहे, पण नोकरी दुसऱ्याच्या हातात आहे, अशा माणसाचं काय? रात्रपाळीचा कंत्राटी ऑपरेटर. शहरातून फोन येतो, "रिमोटवर टाक, मी चालू करतो." तो एकदा सांगून बघतो की आवाज बरोबर येत नाहीये. पलीकडून उत्तर येतं, "इथे सगळं हिरवं दिसतंय." मग तो स्विच फिरवतो. नोंदवहीत ही संमतीच दिसेल. पण 'नाही' म्हणून ज्याची नोकरी टिकत नाही, त्याच्या 'हो'ला काय अर्थ?

म्हणून माझ्या कामापुरत्या दोन गोष्टी मला आवश्यक वाटतात. 'चालवणे' हा एकच चौकोन नसावा, 'थांबवणे' आणि 'सुरू करणे' असे दोन वेगळे असावेत, आणि दुसऱ्यावरची टिक सहज कोणाला मिळू नये. शिवाय जागेवरच्या माणसाने नकार दिला, तर सिस्टिमने त्याची फक्त वेळ नोंदवावी, कारण विचारू नये. कारण सकाळी विचारता येतं, तोवर यंत्र बंदच असतं. मालाचं थोडं नुकसान होईल, हे खरं आहे. ते नुकसान सोसायची तयारी आहे का, हे मात्र चौकोनात टिक करायला सांगणाऱ्यानेच ठरवायचं आहे.